मुलं पळवणारी टोळी आणि पोलिसांचे आकडे

मुंबईतल्या सोसायट्यांच्या, चाळींच्या, शाळांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तो मेसेज पुन्हा फिरतोय. शहरात मुलं पळवणारी टोळी आलीय, अपहरणं कित्येक पटींनी वाढल्याचं पोलिसांचीच आकडेवारी सांगते, ही माणसं भिकाऱ्यांच्या वेशात येतात, किडन्या काढून विकतात, पोलीस 24 तास तक्रार घेत नाहीत, म्हणून संशयित दिसला की आपणच धरा. सोबत एक व्हिडिओ. आईबापांची काळजी खरी आहे. मेसेज खोटा आहे आणि जिवावर बेतणारा आहे.

आधी आकडे, कारण सगळा डोलारा त्यांच्यावरच उभा आहे. अपहरणाच्या नोंदी वाढल्या, हे खरं. पण मे 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘बचपन बचाओ आंदोलन’ या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या याचिकेवर आदेश दिला की मूल हरवल्याची तक्रार आली की एफआयआर नोंदवायचा आणि अपहरण किंवा तस्करी झाली असं धरूनच तपास सुरू करायचा. आईशी भांडून आजीकडे गेलेली 16 वर्षांची मुलगी असो, नापास झाला म्हणून लोकलमध्ये बसून निघून गेलेला मुलगा असो, फिर्यादीत ठरलेलंच वाक्य पडतं: ‘अज्ञात इसमाने फूस लावून कायदेशीर रखवालीतून पळवून नेले.’ पूर्वी अशी मुलं ‘मिसिंग’च्या रजिस्टरात राहायची. आता पोर दोन दिवसांत घरी आलं तरी वर्षाच्या तक्त्यात अपहरण म्हणून मोजलं जातं. नोंद वाढणं वेगळं आणि गुन्हे वाढणं वेगळं, हे देशभरातल्या गुन्ह्यांची आकडेवारी काढणारी सरकारी संस्था एनसीआरबी स्वतःच्या अहवालात बजावते. मला तर ही वाढलेली नोंद हवीच आहे, कारण एफआयआर झाला की तपास करावाच लागतो.

किडनीची गोष्ट सोडून द्या. त्याला ऑपरेशन थिएटर, सर्जनांची टीम आणि रक्तगट जुळणारा रुग्ण लागतो. व्हॅनमध्ये हे होत नाही.

मोटारसायकलवरून मूल उचलतात तो व्हिडिओ कराचीतल्या जनजागृतीच्या फिल्मचा आहे. शेवटी ते दोघे मूल परत आणून सोडतात. तो शेवट कापून टाकून 2018 मध्ये तो आपल्याकडे फिरवला गेला.

त्याच वर्षी 1 जुलैला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याच्या आठवडी बाजारात सोलापूरकडचे पाच भिक्षेकरी आले होते, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे. मुलं पळवणारे म्हणून जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारलं. पाचही जण निर्दोष होते. ‘आपणच धरा’ हे वाक्य पुढे पाठवणाऱ्याने राईनपाडा आठवावा.

शिवाय अनोळखी चेहऱ्यांवर नजर ठेवताना घरातलं दिसेनासं होतं. एनसीआरबीच्याच आकड्यांनुसार मुलांवरच्या बलात्काराच्या 90 टक्क्यांहून जास्त प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो: नातेवाईक, शेजारी, ओळखीतला दादा.

सगळ्यात घातक म्हणजे ‘24 तास’. असा कुठलाही नियम नाही. पहिले काही तासच महत्त्वाचे असतात. 112 किंवा 1098 ला फोन लावा, ट्रेनने गेल्याची शंका असेल तर रेल्वेच्या 139 ला. अलीकडचा फोटो आणि अंगावरच्या कपड्यांचं वर्णन घेऊन जवळचं पोलीस ठाणे गाठा. हद्द आमची नाही म्हणाले तर झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता नोंदवायचा एफआयआर, मागा; 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे तो त्यांना नोंदवावाच लागतो.