मंद इलेक्ट्रॉन पाण्यातून ‘अलगद’ निसटत नाहीत

इलेक्ट्रॉनची ऊर्जा १० इलेक्ट्रॉनव्होल्टच्या खाली गेली की तो द्रवात खोलवरूनही काही न गमावता पृष्ठभागाबाहेर येतो, असं एक विधान सध्या फिरतंय. ते चूक आहे. आधार दिला जातो तो एका प्रसिद्ध आलेखाचा: कोणत्या ऊर्जेचा इलेक्ट्रॉन ऊर्जा न गमावता सरासरी किती अंतर जातो, हे तो दाखवतो. पण तो मुख्यतः घन पदार्थांवरच्या मोजमापांतून तयार झाला आहे.

पाण्यात सुमारे ७ इलेक्ट्रॉनव्होल्टखाली रेणूंतले इलेक्ट्रॉन उत्तेजित होत नाहीत, हे खरं. पण रेणू थरथरतात, डुलतात! ऑक्सिजन-हायड्रोजन बंधाचं एक कंपन सुमारे ०.४ इलेक्ट्रॉनव्होल्ट खातं, शेजारच्या रेणूंमधली हालचाल त्याहून कितीतरी कमी. एकेक धक्का किरकोळ, पण धक्के असंख्य, आणि दिशाही बदलत राहते. म्हणून निर्वातातल्या बारीक जलधारेवर मोजताना एवढ्या मंद इलेक्ट्रॉनांची शिखरं (कोणत्या ऊर्जेचे किती इलेक्ट्रॉन आले, या आलेखातले उंचवटे) विकृत होतात. त्यांवरून थेट बंधनऊर्जा, म्हणजे इलेक्ट्रॉन रेणूतून सोडवायला लागणारी ऊर्जा, काढणं मला धोक्याचं वाटतं.

बाहेर न पडलेले काही इलेक्ट्रॉन पाण्याच्या रेणूंच्या वेढ्यात अडकतात. हे जलवेष्टित इलेक्ट्रॉन हार्ट आणि बोग या शास्त्रज्ञांनी १९६२ साली वर्णपटातून, म्हणजे ते कोणता प्रकाश शोषतात यावरून, ओळखले.