‘बटन दाबा आणि कामाला जा’: स्लो कुकरविषयीच्या एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

गेल्या काही महिन्यांपासून बेळगाव, खानापूर आणि निपाणीकडच्या नातलगांच्या गटांवर एक संदेश फिरतो आहे. मला तो तीन वेगवेगळ्या घरांतून आला आणि प्रत्येक वेळी त्यात एखादे वाक्य वाढलेले होते. त्याचा मथितार्थ असा: स्लो कुकर, म्हणजे मंद आचेवर कित्येक तास शिजवणारे विजेचे झाकणाचे भांडे, हा आजीच्या चुलीचाच विजेवरचा अवतार आहे, सकाळी कच्चे जिन्नस भरून बटन दाबावे आणि कामाला जावे, संध्याकाळी सगळा स्वयंपाक तयार मिळतो, कडधान्ये भिजवावी लागत नाहीत आणि फ्रीजरमधले मटण तसेच टाकले तरी चालते, वीज एका बल्बइतकी लागते व तीही आता फुकट आहे, प्रेशर कुकरमध्ये मरणारी सत्त्वे यात शाबूत राहतात, तेव्हा गॅस परत करा आणि कोणी परदेशातून येणार असेल तर त्याच्याकडून स्वस्तात मागवून घ्या.

माझ्या ओट्यावर हे भांडे चार वर्षे आहे आणि आठवड्यातून दोनदा तरी ते चालू असते, त्यामुळे त्याच्याशी माझे वैर नाही. परंतु संदेशातले दोन सल्ले माणसाला थेट आजारी पाडतील असे असल्यामुळे आधी तेच घेते.

पहिला सल्ला कडधान्यांचा. राजमा किंवा त्याच्याच कुळातला वाळका घेवडा न भिजवता, न उकळता स्लो कुकरमध्ये टाकणे धोक्याचे आहे. या दाण्यांत फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचे एक विषारी प्रथिन असते, ते खळखळून उकळल्यावरच निकामी होते, आणि मंद आचेवर भांड्याच्या मधला भाग अनेकदा उकळीपर्यंत पोहोचतच नाही. अर्धवट तापलेला दाणा कच्च्या दाण्यापेक्षाही जास्त त्रास देऊ शकतो. दाणा मऊ झाला म्हणजे शिजला, ही आपली नेहमीची पारख येथे फसते. उलट्या सुरू व्हायला तीन तासही लागत नाहीत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा सल्ला असा आहे की दाणे किमान पाच तास भिजवावेत, ते पाणी ओतून द्यावे आणि ताज्या पाण्यात अर्धा तास उकळावेत. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर असल्याने आपल्याकडे पाणी शंभरऐवजी साधारण ९७-९८ अंशांनाच उकळते, म्हणून या अर्ध्या तासात काटकसर करू नये. प्रेशर कुकरमध्ये तापमान १२० अंशांच्या आसपास जाते. राजम्यापुरता तोच अधिक भरवशाचा.

हुलग्यांच्या बाबतीत माझा अनुभव विषाचा नाही, फजितीचा आहे. पहिल्या पावसाळ्यात मी संदेशात सांगतात तसेच केले होते: न भिजवलेले हुलगे, बोअरचे पाणी, मीठ, आमसूल, सगळे एकदम. नऊ तासांनी झाकण काढले तेव्हा रस्सा छान तांबूस दिसत होता आणि दाणे मात्र दातांखाली खड्यासारखे लागत होते. सासूबाईंनी एक दाणा बोटांत दाबून पाहिला, तो निसटून ओट्याखाली गेला, आणि त्या काही न बोलता भाकरीबरोबर खर्डा घेऊन बसल्या. कारण साधे होते. आंबट पदार्थ आणि पाण्यातले चुन्यासारखे क्षार, दोन्ही कडधान्याची साल व गर मऊ होऊ देत नाहीत. आता मी हुलगे रात्रभर भिजवते, नळाचे पाणी वापरते आणि आमसूल शेवटच्या अर्ध्या तासात टाकते. तेच हुलगे लोण्यासारखे शिजतात.

दुसरा धोक्याचा सल्ला गोठलेल्या मटणाचा. साधारण ५ ते ६० अंशांच्या दरम्यान जंतू झपाट्याने वाढतात, आणि बर्फ झालेला किलोभर गोळा मंद आचेवर या पट्ट्यातून वर यायला कित्येक तास घेतो. नंतर अन्न कितीही तापले तरी काही जंतूंनी सोडलेले विष तापून नष्ट होत नाही. मटण आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवून पूर्ण सुटू द्यावे, एवढीच ती काळजी आहे.

‘बटन दाबा आणि जा’ या वाक्याची अडचण याच्याशीच जोडलेली आहे. ज्यांच्या पावसाळ्यात वीज जात नाही त्यांनी ते लिहिले असावे. खानापूरच्या बाजूला एखादे झाड तारेवर पडले की दुपारच्या दुपार अंधारात जाते, हे तिकडच्या कोणालाही सांगावे लागत नाही. फिरवायच्या खुंटीचा स्लो कुकर वीज आल्यावर पुन्हा तापू लागतो, म्हणजे मधले तीन तास अन्न कोमट पडून होते हे संध्याकाळी घरी आलेल्या माणसाला कळतही नाही; आकडे दाखवणारे बरेच कुकर वीज आल्यावर बंदच राहतात, ते निदान प्रामाणिक म्हणायचे. आपण घरी नसताना वीज किती वेळ गेली हे ठाऊक नसेल, तर ते अन्न, विशेषतः मटण, शिजलेले दिसत असले तरी टाकून देणे हाच सुरक्षित मार्ग आहे. मी बाहेर जाताना शेजारणीला ‘वीज गेली तर फोन कर’ म्हणून सांगून जाते. इन्व्हर्टरवर ठेवण्याची सूचनाही काही जण करतात. ते शक्य आहे, पण मग रात्री पंखा बंद पडला तर तक्रार करू नये.

आता विजेच्या हिशेबाकडे येते. घरगुती स्लो कुकर साधारण २०० वॅटचा असतो, आणि आजचा एलईडी बल्ब ९ वॅटचा. आठ तासांना दीड युनिटाच्या आसपास वीज जाते, रोज वापरला तर महिन्याला पंचेचाळीस युनिट. ‘फुकट’ हा शब्द २०२३ साली कर्नाटकात सुरू झालेल्या गृहज्योती या घरगुती मोफत विजेच्या योजनेमुळे आला आहे, पण त्या योजनेत सरसकट २०० युनिट माफ नाहीत. प्रत्येक घराच्या पूर्वीच्या सरासरी वापरावर थोडी वाढ धरून मर्यादा ठरते. ती ओलांडली की वरच्या युनिटांचे पैसे भरावे लागतात, आणि २०० च्या पुढे गेले की पूर्ण बिल येते. ज्या घराची सरासरी ऐंशी युनिटांची आहे तेथे रोजचा स्लो कुकर ही सवलत सहज खाऊन टाकील. उलट, प्रेशर कुकरमध्ये वीस मिनिटांत डाळ शिजवायला माझ्या अंदाजाने पन्नास ग्रॅम गॅस लागतो, म्हणजे १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये तशा पावणेतीनशे डाळी होतात. डाळीसाठी स्लो कुकर लावणे ही बचत कोणत्याच गणिताने ठरत नाही. जे पदार्थ एरवी गॅसवर दोन-अडीच तास मंद ठेवावे लागतात, तेथे हिशेब जवळपास बरोबरीला येतो.

सत्त्वांच्या मुद्द्यात फारसा दम नाही. क जीवनसत्त्वासारखे नाजूक घटक उष्णतेबरोबर वेळेनेही नष्ट होतात, त्यामुळे आठ तास तापलेली भाजी वीस मिनिटे शिजलेल्या भाजीपेक्षा सकस असण्याचे कारण नाही. भांडे आतून मातीचे असल्याने मातीची चव येते असेही संदेशाला जोडलेल्या एका पुरवणीत होते. त्या भांड्यावर काचेसारखा लेप असतो, अन्न मातीला लागतच नाही.

मूळ दावा चुलीचा आहे आणि त्याबद्दल मला सविस्तर बोलायचे आहे. हे यंत्र आपल्या चुलीवरून निघालेले नाही. अमेरिकेतल्या अर्व्हिंग नॅक्सन यांना त्याचे पेटंट १९४० साली मिळाले, आणि त्यांची प्रेरणा होती त्यांच्या आईने सांगितलेली आठवण: लिथुएनियातल्या ज्यू वस्तीत शब्बाथच्या, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसाच्या, आदल्या संध्याकाळी बेकरीच्या विझत्या भट्टीत कडधान्य-मांसाचे भांडे रात्रभर ठेवण्याची. पुढे १९७१ साली दुसऱ्या कंपनीने ते ‘क्रॉक-पॉट’ नावाने बाजारात आणले. विझत्या भट्टीचे हे यंत्र आहे, जाळाचे नाही, आणि त्याच्या सगळ्या मर्यादा यातच आहेत.

खानापूर तालुक्यातल्या आमच्या सासरच्या जुन्या घरात चुलीला वैल होता. पुढे जाळावर भाकरी भाजली जाई, आणि त्याच जाळाच्या उरल्या धगीवर मागे वैलावर आमटीचे नाहीतर दुधाचे भांडे तासन्‌तास बसे. स्लो कुकर म्हणजे हा वैल, असे संदेशात म्हटले असते तर मी मान डोलावली असती. पुढच्या जाळाचे काम त्याला येत नाही. कांदा-खोबरे त्यात भाजत नाही, फोडणी तडतडत नाही, रश्श्यावर कट येत नाही. वाटण आधी तव्यावर भाजून, मसाला तेलात परतून मगच भांड्यात ओतावे लागते. झाकणामुळे वाफ बाहेर जात नाही, म्हणून पाणीही नेहमीपेक्षा बरेच कमी घालावे लागते, नाहीतर मटणाचा रस्सा पाणचट होतो. एका पुरवणीत यात कुंदा, म्हणजे बेळगावची खव्याची मिठाई, करण्याची कृती होती. ती वाचून बेळगावच्या शहापुरातल्या कोणत्याही मिठाईवाल्याला हसू येईल, कारण कुंद्याला दूध उघड्या कढईत आटवावे लागते आणि खवा करपण्याच्या अलीकडे तांबूस करावा लागतो. झाकलेल्या भांड्यात यातले एकही काम होत नाही.

परदेशातून मागवण्याच्या सल्ल्याला एका वाक्यात उत्तर देता आले असते, पण माझे नुकसान त्यातच झाले आहे. भाच्याने हौसेने अमेरिकेहून आणलेला माझा पहिला कुकर १२० व्होल्टचा होता. आपल्याकडच्या २३० व्होल्टवर तो लावला की ताकद दुप्पट होत नाही, जवळजवळ पावणेचारपट होते. दहा मिनिटांत जळका वास आला आणि भांड्याला तडा गेला. तळाशी २२०-२४० हा आकडा पाहूनच घ्यावा.

एवढे सगळे वजा केल्यावर जे उरते ते कमी नाही. पाया, म्हणजे बकऱ्याच्या पायांचा रस्सा, यात जसा होतो तसा गॅसवर मला कधी जमला नाही, कारण हाडाजवळचा चिवट भाग विरघळायला उकळीपेक्षा वेळेची गरज जास्त असते. तो भरून रविवारी सकाळी सुरू केला की मी जेवणाआधी फक्त भाकऱ्यांपुरता गॅस पेटवते. जोंधळ्याच्या कण्याही यात तळाला लागत नाहीत: एक वाटी कण्यांना पाच वाट्या पाणी, मीठ, मंद आचेवर चार तास, आणि मध्ये झाकण उघडून पाहण्याचा मोह टाळायचा, कारण प्रत्येक उघडण्याला वीसएक मिनिटांची ऊब जाते. ताक मात्र ताटात वाढतानाच घालावे. आधी भांड्यात घातले तर ते फाटते.