बंदुकवाल्याची जयंती

२३ जानेवारीला आमच्या फॅमिली ग्रुपवर सकाळपासून नेताजी आणि बाळासाहेबांचे फोटो येत असतात, त्यात यंदा मी इथल्या, युटा राज्यातल्या ऑग्डेनच्या युनियन स्टेशनमधल्या बंदुकांच्या म्युझियमचा एक फोटो टाकला आणि खाली लिहिलं की बंदुका घडवणाऱ्या जॉन ब्राउनिंगचा पण वाढदिवस आजच, १८५५ चा. झालं! पुण्याच्या दादाचा लगेच रिप्लाय, "बंदुका बनवणाऱ्याची जयंती? धन्य तुमची अमेरिका." त्याला आमच्या आईने पण अंगठा दिला.

आता हाच दादा दसऱ्याला काकांची तलवार पाटावर मांडून हळदकुंकू वाहिल्याचा फोटो टाकतो, आणि आपण सगळे नमस्काराचे हात पाठवतो. २०२४ मध्ये लंडनहून वाघनखं साताऱ्याला आली तेव्हा याच ग्रुपवर खरी की खोटी यावरून किती दिवस भांडण चाललं होतं, म्युझियमवाले स्वतःच म्हणत होते खात्री देता येत नाही, तरी कोणी ऐकेना. पण त्या सगळ्या भांडणात एकाने तरी विचारलं का की ती घडवली कोणी? कुठल्या गावचा लोहार, त्याचं नाव काय? आपल्याकडे हत्याराची पूजा, हत्यार चालवणाऱ्याचा पुतळा, आणि घडवणारा गेला उडत. इथे निदान घडवणाऱ्याचं नाव तरी लोकांना पाठ आहे, माझं म्हणणं इतकंच होतं.

आणि हा ब्राउनिंग माणूस काय साधा होता का? बाप बंदुका दुरुस्त करणारा मॉर्मन, तीन बायका, बावीस मुलं. पोराने बापाच्याच वर्कशॉपमध्ये एकबारी रायफल केली, १८७९ मध्ये पेटंट मिळालं तेव्हा वय चोवीस. चार वर्षांनी विंचेस्टर या बड्या बंदूक कंपनीचा माणूस इतक्या लांब ऑग्डेनला आला आणि आठ हजार डॉलरला तिचे हक्क घेऊन गेला. पुढे एकूण १२८ पेटंटं. गोळी सुटताना नळीतून जो वारा बाहेर येतो त्याने समोरचं गवत झुकलेलं बघून याच्या डोक्यात आलं की ही ताकद फुकट का घालवायची, तीच वापरून बंदूक पुढची गोळी आपोआप भरेल की! गवत आपणही बघतोच. त्याच्या १९११ च्या पिस्तुलाची अमेरिकन आर्मीने सहा हजार गोळ्या झाडून परीक्षा घेतली, एकदाही अडकलं नाही. २०११ मध्ये युटाने तेच राज्याचं अधिकृत शस्त्र ठरवलं, राज्यपक्षी असतो तसं, आणि असं करणारं देशातलं हे पहिलंच राज्य. यावर दादा हसणार हे माहितीये. हसू दे. आपलं भारतीय फौजेचं नऊ एमएम पिस्तूल, ईशापूरच्या कारखान्यातलं, ते मुळात ब्राउनिंग हाय पॉवरच आहे, यावर पण हस म्हणावं.

गन शोमधली, म्हणजे बंदुकांच्या बाजारातली, कलेक्टर मंडळी बघितली नाहीत तर हे कळणार नाही. बहुतेक रिटायर्ड म्हातारे, टेबलावर फेल्ट अंथरलेलं, एकेक विंचेस्टर '९४ रायफल बाळासारखी उचलून द्यायची, सिरियल नंबरवरून साल काढायचं, १८९८ ची किंवा त्याआधीची निघाली की अँटिक, कागदपत्रांची कटकट नाही. रीब्लू केलेली, म्हणजे नळीला नव्याने काळंनिळं पॉलिश चढवलेली, दिसली की तोंड वाकडं. मूळ पॉलिश कितीही उडालेलं असू दे, तेच हवं. राजकारण बोलणारे असतात, नाही असं नाही, त्यांच्या टेबलाकडे मी फिरकत नाही.

"पण माणसं मरतात त्याचं काय" हा दादाचा पुढचा मेसेज. मरतात. १९१४ ला सारायेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजाला, आर्चड्यूकला मारलं ते पिस्तूल ब्राउनिंगच्याच डिझाइनचं. माझी मुलगी शाळेत लॉकडाऊन ड्रिल, म्हणजे कोणी बंदूक घेऊन घुसलं तर लपायचं कसं याची तालीम, करून येते आणि होमवर्कला बसते, आणि मी तिला फार काही विचारत नाही. ब्राउनिंग गेला ती तारीख २६ नोव्हेंबर, १९२६ ची. ती मी ग्रुपवर मुद्दामच टाकली नाही, मुंबईवाल्यांसमोर ती तारीख वेगळीच होऊन बसते.

तो गेला कुठे, तर बेल्जियममध्ये, हर्स्टलच्या बंदूक कारखान्यात, मुलाच्या ऑफिसात काम करता करता. विंचेस्टरने त्याच्या ऑटो शॉटगनला रॉयल्टी द्यायला नकार दिला म्हणून त्याने ती समुद्रापलीकडे नेली, आणि मग पुढचं आयुष्य ये-जा चालूच. पण पुरला मात्र ऑग्डेनलाच. म्युझियममध्ये कितीही बंदुका असू देत, मी दर वेळी या ओळीपाशीच जास्त थांबतो.

आमच्या आबांची ठासणीची बंदूक होती, कुडाळजवळच्या घरी, पीकसंरक्षणाच्या लायसन्सची. रानडुकरं आणि माकडं. निवडणूक आली की पोलीस स्टेशनात जमा करायची, निकाल लागला की परत आणायची. आबा गेल्यावर वारस म्हणून लायसन्स कोणाच्या नावावर करायचं हा प्रश्न आला, तर गावात राहणारं कोणी उरलंच नव्हतं, दादा कोथरूडला, मी इथे. बंदूक कायमची जमा झाली. कोणी बनवली होती ती? नळीवर कुठे खूण होती का? विंचेस्टरचा सिरियल नंबर बघून साल सांगणारा मी, घरच्या बंदुकीबद्दल शून्य. आणि दादालाही माहीत नाही, ते मी फोनवर विचारून घेतलं, जरा मुद्दामच.

मग त्याने विचारलं, एवढं प्रेम आहे तर तू एकतरी घेतलीस का? नाही घेतली. एच-वन व्हिसावर होतो तेव्हा कायद्याने सहजासहजी जमत नव्हतं, ग्रीन कार्ड आल्यावर बायको म्हणाली घरात नको, आणि मी ते इतक्या पटकन मान्य केलं की तिलाच आश्चर्य वाटलं. घर घेतलं, कर्ज घेतलं, सिटिझनशिपची शपथ घेतली, तेव्हा काही वाटलं नाही. बंदूक घेतली की मात्र आपण इथलेच झालो असं का वाटतं कोण जाणे, शपथ कागदावरच राहते, ही भिंतीवर लावावी लागेल. जवळच्या लेटन गावचा एक म्हातारा त्याच्या बापाची ऑटो-फाइव्ह, ब्राउनिंगची तीच ऑटो शॉटगन, मागून कुबड असलेली, मला स्वस्तात द्यायला तयार आहे, त्याच्या मुलांना नकोय ती. मी दर शोला ती हातात घेतो, बोल्ट ओढून बघतो, भाव विचारतो, आणि त्याला सांगतो की बायकोला विचारून सांगतो.