राष्ट्रीय ग्रंथालय परिषद कशी भरवावी

राजेहो, ग्रंथालय संघाचं पदाधिकारी व्हायची हौस तुमच्यापैकी कुणाला असेल, तर हे वाचून ठेवा. मी एका खेड्यातल्या वाचनालयाची ग्रंथपाल, मागच्याच रविवारी संघाच्या परिषदेला जाऊन मी त्याचं एक दिवसाचं मोफत प्रशिक्षण घेऊन आले आहे. मोफत म्हणजे नोंदणी शुल्क 500 रुपये. पांढरकवड्याच्या पलीकडचं आमचं गाव, तिथून सकाळी सहाची एसटी धरली (बायांना अर्धं तिकीट आहे म्हणून बरं), आणि साडेनवाला जिल्ह्याच्या गावी सभागृहाच्या दारात हजर झाले. दाराला कुलूप होतं. आयोजकांचं नाव मी घेत नाही. जे अशा परिषदांना जातात त्यांना प्रत्येकाला ते आपल्याच ओळखीचे वाटतील.

आधी नाव ठरवा. नावात 'राष्ट्रीय' पाहिजेच. जिल्हा मेळावा म्हटलं की आमदार येत नाही आणि मंडपवाला उधारी ठेवत नाही. राष्ट्रीय व्हायला फार काही लागत नाही. अदिलाबादहून एक पाहुणा बोलवायचा. राज्य दुसरं, झाली परिषद राष्ट्रीय. आमच्या परिषदेला आलेले अदिलाबादचे सर सूत्रसंचालकापेक्षा चांगलं मराठी बोलले, हा भाग वेगळा.

विषय असा निवडा की समोरच्याला आपण मागासलेले आहोत हे पहिल्या वाक्यात कळावं. आमचा विषय होता 'कृत्रिम बुद्धिमत्तेच्या युगातील ग्रामीण ग्रंथालये'. वक्त्यांनी विचारलं, "किती जणांकडे संगणक आहे?" बरेच हात वर झाले, माझाही झाला. चालू किती आहेत, हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. आमच्या संगणकावर गेली तीन वर्षं जुन्या साडीचं कापड टाकलेलं आहे, आणि त्याच्यावर पेपरांचा गठ्ठा चांगला बसतो.

ग्रंथदिंडी काढा. शाळेची पोरं उन्हात उभी करा. पालखीत ठेवायला ग्रंथ आणायचे राहिले तर घाबरू नका, आलेल्या ग्रंथपालांच्या पिशव्या तपासा. माझ्याकडून दोन पुस्तकं घेतली. एक परत मिळालं.

स्मरणिका काढा. वाचू नका.

आता मुख्य गोष्ट, सत्कार. परिषदेला विषय नसला तरी चालतं, सत्कार नसला तर ती परिषदच नव्हे. पत्रिकेत उद्घाटन साडेदहाला छापा आणि पावणेएकला करा. दीपप्रज्वलनाला मेणबत्ती एकच ठेवा आणि ती सगळ्यांच्या हातातून फिरवा, फोटोत सगळ्यांचा हात यायला पाहिजे. मंचावर खुर्च्या पत्रिकेत नऊ होत्या, प्रत्यक्षात सतरा झाल्या. प्रत्येकाला शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह. 'बुके नको, बुक द्या' हे आता सगळीकडं झालं आहे, म्हणून प्रत्येकाला एक पुस्तकही. सतरा जणांना एकच पुस्तक, अध्यक्षांचंच. प्रत्येक नावाआधी सूत्रसंचालकाचा एक शेर. ज्यांनी सत्कार केला त्यांचा मग सत्कार. मंडपवाल्याचा सत्कार. पाण्याच्या कॅन देणाऱ्याचा सत्कार. शाली संपल्या तेव्हा पहिल्या दोघांच्या शाली मागच्या बाजूनं परत आणल्या, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. नारळ मात्र पुरले, नारळाच्या बाबतीत संघाचं नियोजन पक्कं आहे. आणि हे सगळं कुणासमोर? तर समोर बसलेल्या दीडशे माणसांसमोर, जी पहाटे उठून, शंभर-शंभर किलोमीटरवरून, पदरचे पैसे घालून आली होती, आणि ज्यांच्यातल्या एकालाही दिवसभरात मंचावर चढायचं कारण पडलं नाही. माझ्या बाजूला झरीकडचे एक काका बसले होते. तीस वर्षं वाचनालय उघडतात. अडीच वाजता ते मला म्हणाले, "बाई, जेवाले तरी सोडतीन का हे?"

मंचाच्या मधोमध डॉ. रंगनाथन यांचा फोटो, झेंडूचा हार घातलेला. ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम त्यांनी 1931 साली मांडले. चौथा नियम, वाचकाचा वेळ वाचवा. पाचवा, ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे. पाचवा नियम संघानं पाळला असं म्हणता येईल, फक्त ग्रंथालयाच्या जागी मंच वाढवला.

जेवण चांगलं ठेवा. आलू-वांग्याची भाजी आणि बुंदी बरी होती, खोटं कशाला बोलू.

ठराव करा. वेतनश्रेणीचा ठराव दरवर्षी तोच असतो, साल तेवढं बदलायचं. आमच्या हातात आलेल्या कागदावर तेही बदललेलं नव्हतं. टाळ्या तरी पडल्या.

प्रमाणपत्र द्या. माझ्या प्रमाणपत्रावर नावाआधी 'श्री.' छापलं आहे. मी सांगायला गेले तर टेबलावरचा पोरगा म्हणाला, "ताई, पेनानं सौ. करून घ्या." माझं लग्न झालेलं नाही.

आणि खुली चर्चा. ही पत्रिकेत असलीच पाहिजे, 'ग्रामीण ग्रंथपालांच्या समस्या' या नावानं, साडेचार ते साडेपाच. ती पाच पंचवीसला सुरू करा. प्रश्न चिठ्ठीवर मागवा. मी सकाळी एसटीतच चिठ्ठी लिहिली होती, दिवसभर मुठीत धरून तिचा पार लगदा झाला होता. चिठ्ठ्या गोळा झाल्या. सूत्रसंचालक म्हणाले, "वेळेअभावी सर्वांना लेखी उत्तरे देण्यात येतील." राष्ट्रगीत झालं. वेळेअभावी! सतरा शालींना वेळ होता. पाण्याच्या कॅनला वेळ होता. मेणबत्तीला वेळ होता. माझी शेवटची एसटी तोवर निघून गेली होती, आणि रात्र मी मावसबहिणीच्या घरी काढली. तिच्या सासूनं विचारलं, "कायले गेलती वो तिथं?" मला सांगता आलं नाही.

म्हणून आता सांगते. आमचं वाचनालय 'ड' वर्गाचं, म्हणजे सरकारी यादीत सगळ्यात खालच्या. आधी वर्षाला 30 हजार सरकारी अनुदान होतं, 60 टक्के वाढ झाली तेव्हा 48 हजार झालं. त्यातलं निम्मं पगाराला. म्हणजे महिन्याला दोन हजार, दिवसाला साठ-सत्तर रुपये. उरलेल्या निम्म्यात पुस्तकं, पेपर, कपाट, लाइटबिल, सगळं. वर्षाचे दोन हप्ते, आणि दुसऱ्याची वाट पाहत मार्च उजाडतो. मी संध्याकाळी पाच ते आठ वाचनालय उघडते आणि हंगामात सकाळी कापूस वेचायला जाते. वेचाई किलोमागं दहा-बारा रुपये. एका सकाळीत वाचनालयाचे चार दिवस निघतात. 2012 साली सरकारनं ग्रंथालयांची पडताळणी केली, त्यानंतर नवी मान्यता आणि वर्गवाढ जी अडली ती वर्षानुवर्षं, त्यामुळं 'ड' चं 'क' होईल म्हणून म्हातारे झालेले लोक त्या सभागृहात बसले होते. त्यांना तुम्ही कृत्रिम बुद्धिमत्ता सांगितली.

आणि ज्या माणसाच्या फोटोला तुम्ही हार घातला, त्यांचं काम तरी कुणी तिथं सांगितलं का? 1928 साली मद्रास ग्रंथालय संघ निघाला, रंगनाथन त्याचे चिटणीस. तीन वर्षांनी तिकडच्याच, आताच्या तमिळनाडूतल्या, मन्नारगुडीकडच्या खेड्यांत बैलगाडीतून पुस्तकं फिरायला लागली. बैलगाडीतून! 1933 साली कलकत्त्यात देशभरच्या ग्रंथालयवाल्यांनी भारतीय ग्रंथालय संघ उभा केला. 1948 साली मद्रासला ग्रंथालय कायदा झाला, आपल्याकडं 1967 साली. हे कायदे शालीनं झालेले नाहीत. कुणीतरी मसुदे लिहिले, कुणीतरी मंत्र्यांच्या दारात उभं राहिलं. संघ त्यासाठी असतो. बैलगाड्या आमच्याकडं आजही आहेत. त्यात घालायला पुस्तकं नाहीत, आणि ती मागायला मुंबईला जायचं काम ज्यांचं, ते मंचावर एकमेकांच्या खांद्यावर शाली ठेवत बसतात.

लाज वाटत नाही का हो तुम्हाला? आमच्या पाचशे-पाचशे रुपयांवर तुमचे नारळ आले. संघाची वार्षिक वर्गणी आम्ही देतो, पावती फाडायला तुमचा माणूस बरोबर येतो, वाट चुकत नाही. वाचनालय चालू आहे का बंद पडलं, हे बघायला मात्र पाच वर्षांत कुणी आलं नाही. पोलीस भरतीची तयारी करणारी अकरा पोरं रोज माझ्याकडं येऊन बसतात. एकाच सामान्यज्ञानाच्या पुस्तकाचे तीन भाग झाले आहेत, मी ते दोऱ्यानं शिवले आहेत, आणि पोरं पाळी लावून वाचतात. पेपरवाल्याची सात महिन्यांची उधारी आहे. तो भला माणूस, अजून पेपर टाकतो.

चिठ्ठीत एवढंच लिहिलं होतं: दुसरा हप्ता कोणत्या महिन्यात मिळेल, म्हणजे तसं मी पेपरवाल्याला आणि पोरांना सांगीन. लेखी उत्तर देणार होतात, अजून आलेलं नाही.

आणि पालखीतलं ते पुस्तक परत पाठवा. आत वाचनालयाचा शिक्का आहे, दाखल क्रमांक 1143. तपासणीला साहेब येतील तेव्हा ते मला नोंदवहीत दाखवावं लागतं. नाहीतर भरपाई माझ्या दोन हजारातून जाईल.