साथ आलीय? आधी शांतपणे नाही म्हणा

उद्या साथ आवरायचं काम तुमच्या गळ्यात पडलं तर पहिली गोष्ट, 'साथ' हा शब्दच तोंडातून काढू नका, 'तुरळक केसेस' म्हणा, 'परिस्थिती नियंत्रणात' म्हणा, पेशंट संपले की नियंत्रण येतंच आपोआप.

अन्नातून विषबाधा असेल तर अजूनच सोपं. प्रत्येकाला शेवटचं काय खाल्लं तेवढंच विचारा आणि त्याच्यावर खापर फोडून मोकळे व्हा. आता साल्मोनेला या जंतूला त्रास सुरू करायला 6 तासही पुरतात आणि कधी 6 दिवसही लागतात, काविळीचा हिपॅटायटिस ए तर 15 ते 50 दिवस घेतो, पण एवढं मागे जाऊन कोण विचारत बसणार? उलट चौकशीवाले यायच्या आत उरलंसुरलं फेकून पातेली लख्ख घासून घ्या. स्वच्छतेला कोण नावं ठेवेल? आणि नमुनाच नाही म्हटल्यावर रिपोर्टात 'काही आढळलं नाही' हे लिहिणं अगदी शंभर टक्के खरं! आचाऱ्याच्या बोटाला पिकलेली जखम, वर साधी पट्टीसुद्धा नाही, आणि त्या हाताने कालवलेलं दुपारभर कोमट पडलंय, अशा वेळी सांगा की परत उकळा. जखमेतला स्टॅफ नावाचा जंतू उकळीत मरतो, त्याने आधीच सोडलेलं विष मरत नाही, पण वाफा निघताना दिसल्या की लोक निवांत होतात हो.

उलट्या-जुलाब घडवणारा नोरोव्हायरस असेल तर दारात सॅनिटायझरचा स्टँड लावा. तो व्हायरस अल्कोहोलला फारशी दाद देत नाही, साबण आणि पाणीच लागतं, पण वाहत्या नळाचं उद्घाटन कोण करतं?

दोषी शक्यतो परदेशी निवडा. 2011 मध्ये जर्मनीत ई. कोलाय या जंतूने माणसं मरायला लागली तेव्हा हॅम्बुर्गच्या अधिकाऱ्यांनी स्पेनच्या काकडीकडे बोट दाखवलं, तिथल्या शेतकऱ्यांचा माल सडला, आणि शेवटी सापडले काय तर मोड आलेले मेथीदाणे, तेही जर्मनीतल्याच फार्मवरचे. तोवर बातमी काकडीचीच ना, झालं तर मग.

आणि लोक फारच कुरकुर करायला लागले तर कॅमेऱ्यासमोर खाऊन दाखवा. ब्रिटनचे कृषिमंत्री जॉन गमर यांनी 1990 मध्ये 'मॅड काऊ' या गायींच्या मेंदूच्या रोगाची भीती घालवायला स्वतःच्या छोट्या मुलीला बीफबर्गर देऊ केला होता. माणसातल्या आजाराशी त्याचा संबंध असू शकतो हे सरकारने मान्य केलं 1996 ला. सहा वर्षं काढली एका फोटोवर, याला म्हणतात मॅनेजमेंट.

एवढं करूनही एखाद्या खटपट्या डॉक्टरने कारण शोधलंच तर? लंडनमध्ये 1854 ला जॉन स्नोने कॉलऱ्याने गेलेल्यांची घरं नकाशावर मांडली, लोकांना पाणी कुठलं पिता ते विचारलं आणि ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचं हँडल काढायला लावलं. अशा वेळी वाद घालू नका, द्या काढून. साथ ओसरली की लोक विसरतात, मग हळूच परत बसवायचं. तिथेही बसवलंच होतं.