सात जणी पुरतात, पण हजेरीपटावर हव्यात

काजूच्या कारखान्यात चाळीस बायका कामाला असतील, तर युनियन नोंदवायला त्यांतल्या सात जणी पुरतात. एकूण कामगारांच्या दहा टक्के किंवा शंभर, यांतला कमी तो आकडा, पण सातच्या खाली नाही, अशी कायद्याची अट आहे. चाळिसाचे दहा टक्के होतात चार, म्हणून सात. औद्योगिक संबंध संहिता २०२० सालची, लागू झाली २१ नोव्हेंबर २०२५ ला. तिच्यातही ही अट जुन्या कायद्यातली तशीच उतरली आहे. युनियनला नाव द्यायचं, नियमावली लिहायची, अध्यक्ष-सचिव-खजिनदार निवडायचे आणि निबंधकाकडे अर्ज टाकायचा. जुन्या १९२६ च्या कायद्यात ग्रामीण मजुराची वर्गणी पुढे वर्षाला किमान एक रुपया एवढी खाली आणली होती. एका रुपयात आमच्या बाजारात आता काडेपेटीसुद्धा येत नाही.

तरी माझ्या ओळखीच्या एकाही काजू कारखान्यात युनियन नाही. आणि माझ्या ओळखीचे कारखाने थोडेथोडके नाहीत, कारण मी कुडाळात छोट्या धंदेवाल्यांचे हिशेब लिहिते. म्हणजे माझी खुर्ची मालकाच्या बाजूची. पगाराचं रजिस्टर माझ्या हातून जातं, पीएफचं चलन मी भरते. तेव्हा हे कोणी मोर्चातून आलेली बाई बोलत नाहीये. कुठला कारखाना ते विचारू नका, सांगणार नाही.

हा विषय काढला की आमच्याकडे पहिलं उत्तर ठरलेलं असतं. "युनियन? गिरण्यो कोणी बंद पाडल्यो?" बोलणाऱ्याच्या घरातला कोणीतरी गिरणीत होताच. माझे बाबाही लालबागच्या एका गिरणीत साच्यावर होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि तो संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. बाबा गावी आले, पावसात भात लावलं, दसऱ्यानंतर मुंबईला जाऊन चौकशी करून आले, पुन्हा गावी. कोकणातल्या किती घरांनी ती वर्षं कुळीथ-पेजेवर काढली ते मोजायला कोणी आलं नाही. त्यातून आमच्या माणसाने एक धडा घेतला आणि पोरांना पढवला: युनियनच्या नादी लागू नये.

धडा चुकीचा घेतला, असं माझं मत आहे. त्या संपात पगाराइतकीच मोठी मागणी होती ती १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा रद्द करण्याची. त्या कायद्याने गिरणी धंद्यात वाटाघाटीचा हक्क एकाच मान्यताप्राप्त युनियनला दिलेला होता, राष्ट्रीय मिल मजदूर संघाला. कामगार गेले दत्ता सामंतांकडे, पण सामंतांशी बोलायची कायद्याने मालकांवर सक्ती नव्हती. लाखो माणसं ज्याच्या मागे उभी, तो कागदावर कोणीच नाही! मालकांना थांबणं परवडत होतं, कामगारांना नव्हतं. सामंतांच्या चुका झाल्याच नाहीत असं मी म्हणत नाही. पण आपला प्रतिनिधी आपण निवडायचा हक्क त्या माणसांना मिळाला नव्हता, हे आमच्या पेजेच्या आठवणीत कुठेच नसतं. गिरण्यांच्या जागांवर पुढे काय उभं राहिलं, ते परळला गेलात की मान वर करून बघा.

आणि गंमत अशी की ज्या कायद्याने युनियनला देशात पहिल्यांदा संरक्षण मिळालं, त्याच्यामागे आपल्याच कोकणातला माणूस होता. १९२० साली मद्रासच्या बकिंगहॅम अँड कर्नाटिक मिलने मद्रास लेबर युनियनचे बी. पी. वाडिया यांच्यावर दावा ठोकला. आरोप असा, की यांनी कामगारांना फूस लावून नोकरीचा करार मोडायला लावला. हायकोर्टाने वाडियांविरुद्ध मनाई हुकूम दिला. उद्या कोणीही चार कामगारांना गोळा करून बोलला तर मालकाने त्याच्याकडून नुकसानभरपाई मागावी, अशी ती परिस्थिती. दुसऱ्याच वर्षी ना. म. जोशींनी मध्यवर्ती कायदेमंडळात ठराव आणला की युनियनला कायद्याचं कवच द्या. १९२६ ला कायदा झाला. त्याच्या सतराव्या आणि अठराव्या कलमांत ते कवच होतं: कामगारांनी एकत्र बसून ठरवलं म्हणून तो फौजदारी कट ठरत नाही, आणि संपामुळे करार मोडला एवढ्यावरून युनियनवर भरपाईचा दावा चालत नाही. हे जोशी माणगाव तालुक्यातल्या गोरेगावचे. मुंबईत ना. म. जोशी मार्गावरून आमचे चाकरमानी पिढ्यान्पिढ्या कामावर गेले.

"कोकणी माणूस भिडस्त, त्याला भांडण नको" हेही नेहमी ऐकवतात. अलिबागजवळ चरीला जाऊन सांगा. १९३३ साली नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने तिथल्या कुळांनी खोतांची जमीन कसायचंच सोडलं आणि पुढची पाच-सहा वर्षं ती पडीक ठेवली. स्वतःच्या घरात दाणा नसताना. बाबासाहेबांनी १९३७ ला खोती रद्द करायचं बिल मांडलं, त्याच्यामागे ही माणसं होती. ती युनियन नव्हती, पण भिडस्तपणाही नव्हता.

मग काजूच्या बायका का गप्प? मला दिसतं ते सांगते.

बी वाफवून आली की बाई पायाच्या कटरवर बसते. बी धरायची, पाय दाबायचा, टरफल उलगडायचं, गर अख्खा काढायचा. टरफलातला चीक हाताला लागला तर कातडी जळते, म्हणून तेल लावायचं, राख लावायची. तरी बोटं काळी पडायची ती पडतातच. लग्नात वाढायला उभी राहिली की ती हात पदराखाली घेते. मजुरी किलोवर. अख्ख्या गराचा दर वेगळा, पाकळीचा वेगळा, तुकड्याचा त्याहून कमी. बी जास्त वाफवली गेली किंवा बियांचा लॉटच खराब आला, तरी तुकडा पडतो तो तिच्या नावावर. काटा मालकाचा, वजन लिहिणारा मालकाचा भाचा. संध्याकाळी वहीत आकडा पडतो आणि बाई तो मान्य करते.

मान्य करते, कारण वजन लिहिणारा भाचा तिच्या मुलाच्या वर्गात होता. मालकाला ती "भाई" म्हणते आणि तो तिच्या नवऱ्याला काका म्हणतो. चतुर्थीला तिने उचल घेतली आहे, ती अजून फिटायची आहे. नवऱ्याला रात्री गोव्याला बांबोळीच्या हॉस्पिटलात न्यायचं होतं तेव्हा भाईंनीच गाडी काढली होती, डिझेलचे पैसेही घेतले नाहीत. हे सगळं खरं आहे. भाई वाईट माणूस नाही, मी त्यांच्या घरी जेवते. पण हजेरीपटावर तिचं नाव नाही हेही खरं आहे, कारण वीस माणसं झाली की पीएफ लागतो. तशी नावं मग एकोणिसावर अडकतात. कधी एकाच शेडमध्ये दोन धंदे असतात, एक भाईंच्या नावावर, एक वहिनींच्या. हे मी कोणा एकाचं सांगत नाही. माझ्या धंद्यातल्या कोणालाही विचारा, तो हसेल आणि विषय बदलेल.

ज्याने रात्री गाडी काढली त्याच्याविरुद्ध अर्जावर सही कोण करणार? तिला कायदा माहीत नाही म्हणून ती गप्प आहे, असं शहरातल्या कार्यकर्त्यांना वाटतं. मी एकीला सात जणींचा हिशेब समजावून सांगितला. तिने शांतपणे ऐकलं, मग म्हणाली, "बाय, आमका युनियन कित्याक व्हयी? भाई आपलोच मा?"

आता त्याच वाडीतली तिची जाऊ घ्या. ती अंगणवाडी सेविका. तिची संघटना आहे, पावती आहे, ती ओरोसला जिल्हा परिषदेवर मोर्च्यात घोषणा देते आणि दुसऱ्या दिवशी निवांत पोषण आहार वाटते. एप्रिल २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने अंगणवाडी सेविका-मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असं सांगितलं, ते काही कोर्टाच्या स्वप्नात आलं नव्हतं. वर्षानुवर्षं संघटित राहिल्याचं ते फळ. एकाच घरातल्या दोन बायका, एकच चूल, एकच भिडस्त स्वभाव. फरक एवढाच, की एकीचा मालक सरकार आहे. सरकार तिला उचल देत नाही आणि तिच्या नवऱ्याला काका म्हणत नाही. म्हणून मला हा स्वभावाचा प्रश्न वाटत नाही. ज्याच्याकडून मजुरी घ्यायची त्याच्याचकडे कर्ज, आणि त्याच्याशीच भावकी. या तिन्ही गोष्टी एका माणसाकडे असल्या की तोंड उघडत नाही.

नव्या संहितेत मला खुपतं ते वेगळंच. संपावर बंधनं वाढली, त्याच्यावर बरंच बोललं गेलंय. आता कुठल्याही कारखान्यात चौदा दिवसांची नोटीस हवी. पूर्वी ती सक्ती पाणी, वीज, वाहतूक अशा लोकोपयोगी सेवांना होती. निम्म्या कामगारांनी एकाच दिवशी ठरवून किरकोळ रजा टाकली तरी तो संप धरला जाणार. कामगार कमी करायला सरकारची परवानगी लागायची ती शंभर कामगारांवरून तीनशेवर नेली. लोटे-परशुरामच्या किंवा महाडच्या केमिकलवाल्यांना याने फरक पडेल. आमच्या काजूवाल्यांकडे ना शंभर होते, ना तीनशे.

आमच्या कामाची गोष्ट आहे वाटाघाटीची. राज्यघटनेच्या कलम १९ ने संघटना करायचा हक्क दिला, पण सुप्रीम कोर्टाने १९६१ सालीच सांगून ठेवलं की संघटना करायचा हक्क म्हणजे तिचं म्हणणं मान्य होण्याची किंवा संपाची हमी नव्हे. म्हणजे तुम्ही युनियन खुशाल काढा, मालकाने तुमच्याशी बोलावं की नाही हे इतर कायदे ठरवणार. संहितेने ते ठरवलं आहे: एकापेक्षा जास्त युनियन असतील तर ज्या युनियनला एक्कावन्न टक्के कामगारांचा पाठिंबा, तिच्याशी बोलणी. तेवढा कोणालाच नसेल, तर किमान वीस टक्केवाल्यांची मिळून वाटाघाटी परिषद. कानाला ठीक वाटतं. पण एक्कावन्न टक्के कशाचे? हजेरीपटावरच्या कामगारांचे. शेडमध्ये चाळीस जणी आणि पटावर एकोणीस नावं, त्यातही सुपरवायझरगिरी करणारा भाचा, ड्रायव्हर, बॉयलरवाला आणि घरचीच दोन माणसं. कटरवर बसणारी बाई यात मोजलीच जात नाही. १९४६ चा कायदा गिरणीकामगाराला म्हणाला, तुझा नेता आम्ही मानत नाही. हा पट काजूच्या बाईला म्हणतो, तूच नाहीस.

एक चांगली गोष्ट आहे, ती प्रामाणिकपणे सांगते. दहा किंवा जास्त कामगार असतील तिथे प्रत्येकाला नेमणूकपत्र द्यायचं, हे नव्या संहितांनी लिहून टाकलं आहे. माझ्या मते आमच्याकडे युनियनची सुरुवात तिथून व्हायला हवी. झेंडा नको, घोषणा नको, पहिल्या दिवशी पगारवाढही मागू नका. नेमणूकपत्र मागा, आणि वजनाच्या वहीत आपल्या समोर सही मागा. युनियन केली म्हणून कामावरून काढणं ही अनुचित प्रथा आहे, हे महाराष्ट्रात १९७१ च्या कायद्यापासून लिहिलेलं आहे. पण आपण तिथे कामाला होतो हेच ज्या बाईला सिद्ध करता येत नाही, तिने काढून टाकल्याची तक्रार कुठे करायची?

(जाता जाता: मिरकरवाड्याच्या, हर्णैच्या बोटींवर आणि देवगडच्या बागांत जे नेपाळी खलाशी, राखणदार आहेत, त्यांचं काय, असं एकाने विचारलं होतं. कलम १९ चा हक्क नागरिकांपुरता आहे, तो त्यांना नाही. पण १९२६ च्या कायद्याने सभासद व्हायला वयाची अट घातली होती, नागरिकत्वाची नाही. त्यांच्यावर वेगळी पोस्ट लिहायला हवी. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा ते काय खातात, इथूनच.)

युनियनवाले धुतल्या तांदळाचे असतात असं समजू नका. बाहेरून येऊन दोन्हीकडून पाकीट घेणारे पुढारी मीही पाहिलेत. २०२१-२२ च्या एसटी संपात आमच्या वाड्यांवरची पोरं महिनोन्महिने शाळेला चालत गेली, तेव्हा माझाही जीव चिडला होता. पण त्या संपातही गोष्ट तीच होती: मान्यताप्राप्त संघटना एकीकडे आणि कर्मचारी दुसरीकडे.

आता शेवटी भाईंसाठी, कारण ते ही पोस्ट वाचणार आहेत. भाई, तुम्ही कारखानदारांच्या संघटनेच्या सभेला जाता. हंगामात बीचा दर काय धरायचा, मजुरी कितीच्या वर न्यायची नाही, हे तुम्ही मिळून बोलता, चहा-भजी होते, फोटो ग्रुपवर येतो. त्यात गैर काही नाही. नव्या संहितेतली ट्रेड युनियनची व्याख्या वाचा, मालकांनी मालकांशी संबंध ठरवण्यासाठी केलेली संघटनाही तीत बसते. कायद्याच्या नजरेत तुमची ती युनियनच. तुम्ही तिथे गेलात म्हणून बायकांनी कधी तुमच्याशी बोलणं टाकलं नाही. पुढच्या महिन्यात रजिस्टर घेऊन येईन तेव्हा त्यात चाळीस नावं लिहू या, पीएफचं चलन किती वाढेल तो हिशेब मी आधीच काढून ठेवला आहे.