वेगळी पंगत आधी कोणी मांडली?

फेब्रुवारी २०२५ मध्ये बियॉन्सेला 'काउबॉय कार्टर'साठी ग्रॅमीचा 'अल्बम ऑफ द इयर' मिळाला, तेव्हापासून एक मजकूर फिरतो आहे. जुन्या कॅसेटी जमवणाऱ्यांच्या आमच्या ग्रुपवर तो परवा तिसऱ्यांदा येऊन पडला. म्हणणं थोडक्यात असं: कृष्णवर्णीय कलाकारांच्या उत्तम अल्बमना वेगळे पुरस्कार देणं हा उलटा वर्णभेद आहे, गोऱ्यांनी असं केलं असतं तर जगभर बोंब झाली असती. हे पुरस्कार गोऱ्यांना मिळूच शकत नाहीत. ग्रॅमी मात्र सगळ्यांना खुला असतो आणि सर्वांत जास्त ग्रॅमी बियॉन्सेकडेच आहेत. आता तर सगळ्यात मोठाही मिळाला, तेव्हा ही वेगळी चूल विझवा. शेवटी 'संगीताला रंग नसतो' आणि जोडलेले हात.

शेवटच्या वाक्याशी माझं भांडण नाही. बाकीच्याशी आहे.

गोऱ्यांना मिळूच शकत नाहीत, हे आधी निकालात काढू, कारण त्याला दोन मिनिटंही लागत नाहीत. ब्रिटनच्या मोबो पुरस्कारांचं पूर्ण नावच 'म्युझिक ऑफ ब्लॅक ओरिजिन' असं आहे. म्हणजे बघायचं ते संगीताचं मूळ, गाणाऱ्याची कातडी नव्हे. २०११ मध्ये तिथे सर्वोत्तम अल्बमचा पुरस्कार जेसी जे या गोऱ्या गायिकेला मिळाला. त्याआधी २००७ मध्ये एमी वाइनहाउसला सर्वोत्तम ब्रिटिश गायिकेचा मिळाला होता. अमेरिकेत 'सोल ट्रेन' या कृष्णवर्णीय संगीताच्या टीव्ही कार्यक्रमाच्या पुरस्कारांत २०१७ चा सर्वोत्तम अल्बम होता ब्रुनो मार्सचा, आणि हा गडी पोर्तो रिको आणि फिलिपिन्सशी नातं सांगणारा. इमेज अवॉर्ड्स देणारी एनएएसीपी ही कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारी संस्था १९०९ ची. तिचा पहिला अध्यक्ष मूरफिल्ड स्टोरी हा बॉस्टनचा गोरा वकील होता. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने यातलं एक जरी नाव शोधलं असतं तर मजकूर निम्म्याने आटोपला असता.

आता वेगळ्या चुलीबद्दल. चूल वेगळी कोणी केली, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर पुरस्कारांच्या कितीतरी आधी मिळतं. १९२० मध्ये ओकेह या रेकॉर्ड कंपनीने कृष्णवर्णीय गायिका मेमी स्मिथचं 'क्रेझी ब्लूज' काढलं, ते धडाक्यात खपलं, आणि कंपन्यांना कळलं की कृष्णवर्णीय गिऱ्हाईकही पैसे मोजतं. लगेच त्यांच्यासाठी वेगळ्या मालिका निघाल्या, 'रेस रेकॉर्ड्स' या नावाने, रेस म्हणजे वंश. १९४२ मध्ये बिलबोर्ड मासिकाने या गाण्यांची वेगळी यादी सुरू केली, 'हार्लेम हिट परेड' (हार्लेम म्हणजे न्यूयॉर्कमधली कृष्णवर्णीयांची वस्ती). तीन वर्षांत तिचं नाव थेट 'रेस' असं झालं, आणि १९४९ मध्ये ते जरा बरं दिसावं म्हणून 'रिदम अँड ब्लूज'. आज आपण आर अँड बी म्हणतो तो शब्द कुठल्या रियाजातून किंवा घराण्यातून आलेला नाही. तो दुकानातल्या कप्प्यावरची पाटी बदलताना जन्मला.

कप्प्याचा परिणाम काय व्हायचा ते एका गाण्यावरून कळतं. लिटल रिचर्डचं 'टुटी फ्रुटी' ऐका: पियानोवर घणाचे घाव, आणि मध्येच गळा फाडून मारलेली ती आरोळी. मग लगेच गोऱ्या पॅट बूनने गायलेलं तेच गाणं ऐका, जणू रविवारी चर्चला जाताना इस्त्रीचा शर्ट घालून गुणगुणलेलं. १९५६ च्या बिलबोर्डच्या पॉप यादीत मूळ गाणं १७ व्या क्रमांकापर्यंत पोचलं आणि ही इस्त्रीची आवृत्ती १२ व्या. गाणं तेच, पंगत वेगळी. आपल्याकडे याला पंक्तिप्रपंच म्हणतात, आणि तो करणारा वाढपी असतो, जेवणारा नव्हे. सत्तर वर्षांनी जेवणाऱ्यालाच 'तू वेगळा का बसलास?' असं विचारणं म्हणजे चोराच्या उलट्या बोंबा.

'गोऱ्यांनी असं केलं असतं तर' याचं उत्तरही यातच आलं. केलं होतं की. फक्त त्याला 'गोऱ्यांचं' असं नाव द्यायची गरज कधी पडली नाही, त्याला नुसतं 'पॉप' म्हणत.

ग्रॅमी खुला आहे हे खरं. दारावर कोणी अडवत नाही. १९५९ ते २०२५ असे ६७ सोहळे झाले. त्यांत अल्बम ऑफ द इयर कृष्णवर्णीय मुख्य कलाकाराला मिळाला तो, मी बोटांवर मोजलं त्याप्रमाणे, १४ वेळा. त्यातले तीन एकट्या स्टीव्ही वंडरचे, तेही १९७४ ते १९७७ या चार सोहळ्यांत. मधल्या एका वर्षी त्याने अल्बमच काढला नव्हता. त्या वर्षी जिंकलेल्या पॉल सायमनने मंचावरून त्याबद्दल स्टीव्हीचे आभार मानले होते. विनोदच होता, पण नेमका. मायकल जॅक्सनला 'ऑफ द वॉल'साठी एकच ग्रॅमी मिळाला, तोही आर अँड बीच्या कप्प्यात. १९८४ ला 'थ्रिलर'ने आठ नेले तेव्हा कुठे ती भिंत थोडी हलली. कृष्णवर्णीय स्त्रिया तर चारच: नॅटली कोल, व्हिटनी ह्यूस्टन, लॉरिन हिल आणि बियॉन्से. १९९९ ची लॉरिन आणि २०२५ ची बियॉन्से यांच्यात सव्वीस वर्षांचं अंतर.

'सर्वांत जास्त ग्रॅमी बियॉन्सेकडे' हा फॉरवर्डचा हुकमी एक्का. आकडा बरोबर आहे, ३५. पण ते कोणत्या खान्यातले? २०२५ च्या आधी तिच्याकडे ३२ होते. त्यातले ३१ प्रकारनिहाय: आर अँड बी, रॅप, डान्स, व्हिडिओ वगैरे. अल्बम, रेकॉर्ड, गाणं हे जे सगळ्या संगीताचे सामाईक पुरस्कार, त्यातला फक्त एक, २०१० चा, 'सिंगल लेडीज'साठी. अल्बमसाठी ती चार वेळा हरली: टेलर स्विफ्ट, बेक, अडेल, हॅरी स्टाइल्स. हे चौघे वाईट आहेत असं मी म्हणत नाही. बेकचा तो अल्बम माझ्या आवडीचा आहे, सांगून टाकतो.

यातला २०१७ चा प्रसंग जवळून पाहण्यासारखा आहे. शनिवारी, ११ फेब्रुवारीला, पॅसाडिनात इमेज अवॉर्ड्समध्ये उत्कृष्ट अल्बम ठरला 'लेमोनेड'. दुसऱ्या दिवशी जवळच्याच लॉस एंजेलिसमध्ये ग्रॅमी झाले. तिथे 'लेमोनेड'ला 'अर्बन कंटेम्पररी' या कप्प्यातला पुरस्कार मिळाला आणि मोठा गेला अडेलच्या '२५'ला. अडेल मंचावर आली आणि रडत म्हणाली की मी हा स्वीकारूच शकत नाही, माझ्या आयुष्यातली कलाकार बियॉन्से आहे. नंतर पत्रकारांसमोर तिने विचारलं की अल्बम ऑफ द इयर मिळायला बियॉन्सेने अजून करायचं तरी काय. ज्या गोरीला पुरस्कार मिळाला तिलाच हा प्रश्न पडला. आमच्या ग्रुपला पडत नाही.

आणि हा 'अर्बन' काय प्रकार? २०२० मध्ये 'इगोर'साठी सर्वोत्तम रॅप अल्बमचा ग्रॅमी घेऊन बाहेर आलेला टायलर द क्रिएटर म्हणाला की आमच्यासारखे दिसणारे कोणी प्रकारांच्या पलीकडचं काही करू लागले की यांना रॅप किंवा अर्बन हाच खाना सुचतो. 'इगोर' ऐकून तो निखळ रॅप आहे असं कोणी म्हणेल का? त्याच वर्षी ग्रॅमीने त्या विभागाच्या नावातून 'अर्बन' काढून 'प्रोग्रेसिव्ह आर अँड बी' केलं. पुन्हा पाटी बदलली.

फॉरवर्डमध्ये एक गोष्ट अर्धी खरी आहे, ती मान्य करतो. वेगळे पुरस्कार असले की मोठ्या घराला 'त्यांचं त्यांना मिळतंय की' म्हणत हात झटकता येतात. पण हा दोष हात झटकणाऱ्याचा. डॉन कॉर्नेलियसने १९८७ मध्ये सोल ट्रेन पुरस्कार सुरू केले, कान्या किंगने १९९६ मध्ये घर गहाण टाकून मोबो उभे केले. बोलावणं येईल म्हणून वाट पाहत बसण्यापेक्षा त्यांनी स्वतः पानं मांडली, आणि वर पाहिलंच आहे, त्या पंगतीत कोणालाही उठवलं जात नाही.

ग्रुपवर ही चर्चा अपेक्षेप्रमाणे दहाव्या मिनिटाला आरक्षणावर घसरली. तुलना कोणी करावी याला ना नाही. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहून हीच तुलना केली होती, आणि ड्यू बॉइस हे याच एनएएसीपीच्या संस्थापकांपैकी. फक्त त्यांनी ती दोन्हीकडचं वाचून केली होती.

राहिलं शेवटचं, 'आता मिळाला, गरज संपली'. कंट्री म्हणजे अमेरिकेतलं, गोऱ्यांचं समजलं जाणारं ग्रामीण वळणाचं संगीत. २०२४ च्या शरदात कंट्री म्युझिक असोसिएशनची नामांकनं जाहीर झाली. त्यात 'काउबॉय कार्टर'ला एकही नव्हतं. पाच महिन्यांनी त्याच अल्बमला ग्रॅमीत सर्वोत्तम कंट्री अल्बम जाहीर झाला, तेव्हा बियॉन्सेचा आ वासलेला चेहरा जगभर फिरला. मग मोठा पुरस्कार घेताना ती म्हणाली की हा लिंडा मार्टेल यांना अर्पण. या बाई १९६९ मध्ये ग्रँड ओल ऑप्री या कंट्रीच्या नामांकित कार्यक्रमाच्या मंचावर एकट्याने गाणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय गायिका. पुढच्या वर्षी त्यांचा 'कलर मी कंट्री' आला. तो पहिला आणि शेवटचा, दुसरा अल्बम कोणी काढलाच नाही. ज्या कंपनीने तो काढला तिचं नाव होतं 'प्लांटेशन', म्हणजे गुलामांच्या घामावर कापूस पिकवणारा मळा.